झोपायला माणूस पाहिजे

आजोबांना वृद्धनिवासात पाठवायचं हे घरात सर्वानुमते ठरलं होतं. सर्वानुमते म्हणजे मुलाच्या आणि सुनेच्या. आजोबा त्या वेळी आतल्या खोलीत होते, आणि आतल्या खोलीतल्या माणसाचं मत आतल्या खोलीतच राहावं असा त्या घराचा शिरस्ता होता.

मूळ भानगडही त्या खोलीचीच होती. दोन खोल्या, एक हॉल आणि माणसं चार. नात कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. ती हॉलमधल्या सोफ्यावर झोपायची आणि तिला दार लावता येईल अशी एक जागा हवी होती. मागणी काही अवाजवी नव्हती. अशी जागा प्रत्येकालाच हवी असते. आजोबांकडे ती होती, एवढाच त्यांचा गुन्हा.

आजोबांनी जन्मभर बॅगा दुरुस्त केल्या. बसस्थानकासमोर एवढासा गाळा होता. लोक धापा टाकत यायचे, चेन गेलेली सूटकेस फळीवर आपटायचे आणि म्हणायचे, "काका, लवकर, गाडी सुटेल." काका लवकर करायचे. शहरातले निम्मे लोक त्यांच्या टाक्यांच्या भरवशावर कुठे कुठे जाऊन आले. काका स्वतः कुठे गेले नाहीत, आणि आता या वयात जायची हौसही उरली नव्हती.

वृद्धनिवासाची व्यवस्थापिका घर पाहायला आली. प्रवेश देण्याआधी माणूस कुठल्या वातावरणातून येतोय ते पाहायची त्यांची पद्धत होती. बाई गोड होत्या. ज्यांना दिवसभर म्हाताऱ्यांशी बोलावं लागतं ते एकतर गोड होतात नाहीतर नोकरी सोडतात.

"आजोबा, तुम्हाला आवड कशाची?"

"झोपायची."

"अरे वा! आमच्याकडे झोपेला भरपूर वाव आहे."

सून हसली, मुलगा हसला, आणि नेमका तेव्हाच आजोबांच्या पांढऱ्या उशीवर एक ढेकूण निघाला. सफरचंदाच्या बीएवढा, तसाच तपकिरी. उशीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तो असा निवांत चालत गेला, जणू प्रवेशासाठी त्याचंही नाव घेतलंय आणि बाईंनी त्यालाही आवडनिवड विचारावी.

बाईंचा गोडवा उतरला. त्यांनी पर्स मांडीवर घेतली आणि पाय खुर्चीच्या दांडीवर घेतले.

"हे असताना नाही जमायचं. मागे एक आजी आल्या, त्यांच्या पिशवीतून एक जोडपं आलं. एका जोडप्यापायी पूर्ण मजल्याच्या गाद्या जाळाव्या लागल्या आम्हाला. आधी हे संपवा, मग कळवा."

बाई गेल्यावर सुनेने तोंड सोडलं. "त्या जुन्या बॅगेतूनच आलेत. मी कधीची सांगतेय, टाकून द्या ती."

"बॅग चौदा वर्षं कपाटावर आहे," आजोबा म्हणाले.

"मग चौदा वर्षं वाट बघत असतील!"

 उशी झटकताना आजोबांचा हात जरा थबकला. बायको गेल्यापासून या घरात आपल्या बाजूने कोणीतरी उभं राहिल्याचं त्यांना पहिल्यांदाच जाणवलं होतं. ते कोणीतरी सहा पायांचं होतं, ही गोष्ट वेगळी.

*

फवारणीवाला आला तो हातात पंप आणि काखेत तक्ता घेऊन. तक्त्यावर ढेकणाच्या आयुष्याची वर्तुळाकार चित्रं होती आणि वर प्लास्टिक चढवलेलं होतं. गृहस्थ बडबड्या होता. लोक त्याला ढेकूण मारायला बोलवायचे आणि त्याला ढेकणांबद्दल बोलायचं असायचं. त्यामुळे त्याला दुसऱ्यांदा चहा कोणी विचारत नसे.

"मंडळी कुठून आली ते आधी बघू. बाहेरगावी हॉटेलात कोण राहिलं होतं?"

सगळ्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा विमा कंपनीत दावे नाकारायच्या विभागात होता, आणि कंपनीने त्याला नुकतंच 'तणावमुक्त जीवन' या विषयाच्या शिबिराला पाठवलं होतं.

"चांगलं हॉटेल होतं ते," मुलगा म्हणाला.

"चांगल्याच हॉटेलात येतात हो. त्यांना कुठे चांगलं-वाईट कळतं? त्यांना माणूस कळतो." फवारणीवाल्याने तक्ता सोफ्यावर उभा केला. "हे अंडं. मिठाच्या कणाएवढं. मादी फटीत चिकटवून ठेवते. आमचं औषध अंड्याला काही म्हणजे काही करत नाही. म्हणून एकदा फवारायचं, मग अंडी फुटू द्यायची, आणि पिल्लं मोठी व्हायच्या आत पुन्हा फवारायचं. लोक दुसरी फवारणी टाळतात आणि मला शिव्या देतात."

"पिल्लू काय खातं?" आजोबांनी विचारलं. ते दारात स्टूल घेऊन बसले होते.

"तेच, जे आई खाते. रक्त. पिल्लू आधी काचेसारखं असतं, समोर असलं तरी दिसत नाही. प्यायलं की लाल दिसायला लागतं. एकदा पोटभर मिळालं की कात टाकतं. मग पुन्हा जेवण, पुन्हा कात. अशा पाच काती टाकल्या की झाला मोठा. एका कातीला एक जेवण, हिशेब साधा आहे. जेवण नाही मिळालं तर वाढ नाही. आहे त्याच वयात बसून राहतं."

"किती दिवस?"

"महिनोन्‌महिने, आजोबा. हवा गार असेल तर वर्षसुद्धा काढतात. उपाशी, गप्प, फटीत."

आजोबांनी मान डोलावली. त्यांना हे जमण्यासारखं वाटलं.

"आणि यांची लग्नाची पद्धत तर विचारूच नका," फवारणीवाला रंगात आला. "नर सरळ मादीच्या कुशीत भोसकतो. दार नाही, खिडकी नाही, भिंत फोडून आत. पुन्हा पुन्हा झालं की ती बिचारी जखमा घेऊन दुसरी फट शोधायला निघते. एका घरातून दुसऱ्या घरात जातात त्या पुष्कळशा अशा निघालेल्या बायकाच."

सून चहा ठेवायला उठली आणि चहा न ठेवताच परत येऊन बसली.

"आता मुद्द्याचं. फवारल्यावर खोली रिकामी ठेवायची नाही. कोणीतरी तिथे झोपायला पाहिजे. माणसाच्या श्वासाने आणि उबेने ही मंडळी बाहेर येतात, औषधावरून चालतात आणि मरतात. माणूसच नसेल तर येतील कशाला? आतच बसतील, नाहीतर माणूस शोधत शेजारच्या खोलीत जातील."

"म्हणजे आमिष," मुलगा म्हणाला.

"आम्ही 'सहकार्य करणारी व्यक्ती' म्हणतो."

 मुलाला ऑफिसात डुलकी येऊन चालणार नव्हतं. सून बँकेच्या काउंटरवर बसायची, तिच्या हातावर गांधी उठून चालणार नव्हतं. नातीची परीक्षा होती. प्रत्येकाने आपापली अडचण मनातल्या मनात मांडली आणि मनातल्या मनात मंजूर केली.

"मी झोपतो की," आजोबा म्हणाले. "नाहीतरी तिथेच झोपतो."

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. फवारणीवाल्याने पंपाचं झाकण उघडलं होतं, त्यामुळेही आलं असेल.

*

फवारणी दुसऱ्या दिवशी सकाळी व्हायची होती. त्या दुपारी घरात कोणी नसताना आजोबांनी कपाटावरची बॅग काढली. बॅगेत त्यांची हत्यारं होती. आरी, दाभण, मेणाचा दोरा, बारीक चिमटा आणि अस्तराच्या कापडाचे तुकडे. खोकल्याच्या गोळ्यांचा एक पत्र्याचा डबा त्यांनी पुसून घेतला, आत कागदाची घडी घातली आणि चष्मा लावून गादीच्या शिवणीपाशी बसले.

शिवणीतलं त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. कुठे दोरा सैल पडतो, कुठे दुमड पोकळ राहते आणि अशा पोकळीत काय काय जाऊन बसतं हे त्यांनी चाळीस वर्षं पाहिलं होतं. प्रवाशांच्या बॅगांतून त्यांना टाचण्या, प्रेमपत्रं आणि एकदा एक दुधाचा दात सापडला होता. त्या मानाने हे सोपं होतं. चार माद्या, दोन नर, काचेसारखी काही पिल्लं, आणि कागदाच्या कपट्याला चिकटलेली अंडी, कपट्यासकट. डब्याच्या तोंडावर त्यांनी अस्तराचं झिरझिरीत कापड ताणून बांधलं. डबा उपडा करून हातावर धरला की मंडळी कापडातून सोंड घालून जेवायची आणि एकही बाहेर पडत नसे. मग वरून पत्र्याचं झाकण. काम स्वच्छ होतं. गाळ्यावर असं काम केलं असतं तर गिऱ्हाईक खूश झालं असतं.

योजना काही फार मोठी नव्हती. ढेकूण आहेत तोवर वृद्धनिवास नाही. तेव्हा ढेकूण राहिले पाहिजेत. पण थोडे, आणि आपल्या ताब्यात.

फवारणी झाली. आजोबा त्या वासात झोपले. रोज सकाळी सून खोलीच्या दारात उभी राहून त्यांचे हात पाहायची, बाजारात टोमॅटो उलटसुलट करून पाहतात तसे.

"पाठ दाखवा बघू. काही नाही! एकसुद्धा गांध नाही. औषध लागू पडलं हो," ती मुलाला ओरडून सांगायची.

तिच्या हाताला एक जरी चावला असता तर कोपरापर्यंत सूज आली असती. आजोबांच्या कातडीने मात्र तक्रार करणं केव्हाच सोडून दिलं होतं. रोज दुपारी ते डबा हातावर धरत होते आणि हात सकाळी जसाच्या तसा असायचा, सुरकुतलेला आणि कोरा. हे गुपित त्यांना आदल्याच आठवड्यात कळलं होतं आणि त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही. सगळे हाताला विचारत होते.

डब्यात पिल्लं कात टाकत होती. आजोबा ती रिकामी कात चिमट्याने उचलून उजेडात धरायचे. पाय, मिशा, पाठीवरच्या रेघा, सगळं जागच्या जागी, फक्त आत कोणी नाही. एकदा त्यांना वाटलं, आपणही असंच केलंय. मुलगा होतो, कारागीर झालो, नवरा झालो, बाप झालो, आजोबा झालो. चार झाल्या. पाचवी राहिली होती आणि त्यासाठी लागणारं जेवण कोणी वाढत नव्हतं.

दुसऱ्या फवारणीनंतर त्यांनी काही मंडळी मोकळी केली. पलंगामागच्या भिंतीवर विजेचा बोर्ड होता. विजेच्या भीतीने फवारणीवाल्याने तिथे औषधाचा थेंब उडू दिला नव्हता. आजोबांनी बोर्डाचा स्क्रू सैल केला, नव्या अंड्यांचा कपटा आणि दोन माद्या आत सोडल्या आणि स्क्रू पुन्हा आवळला. बाकीचे डब्यात ठेवले, वेळप्रसंगी दाखवायला.

वेळप्रसंग आलाच. व्यवस्थापिका पुन्हा आली, तेव्हा तिच्या पावलांची चाहूल लागताच आजोबांनी एक ढेकूण उशीवर सोडला. सुनेने तोंडावर हात घेतला. मुलगा मटकन खुर्चीत बसला. बाईंनी मात्र पाय वर घेतले नाहीत. त्या गोडच राहिल्या.

"असू दे हो," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळी इथून गेल्यावर आम्ही गरम खोली बांधून घेतली ना. येणाऱ्याची बॅग, कपडे, चपला, सगळं तिथे भाजून काढतो. आता ढेकूण असले तरी चालतं. येताय ना मग, आजोबा?"

ढेकूण उशीच्या कडेपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. त्यालाही काही सुचेना.

*

नातीने बॅग भरायला मदत केली. "मी रविवारी येत जाईन," ती म्हणाली. ते तिला खरंच वाटत होतं.

आजोबांनी डबा बॅगेच्या अस्तरात शिवून टाकला होता, बाहेरून कळणार नाही असा. वृद्धनिवासात बॅग गरम खोलीत गेली आणि संध्याकाळी परत आली ती भट्टीतून काढल्यासारखी. त्यांनी शिवण उसवली. डब्यात सगळे होते. फक्त फुंकर मारली की उडत होते. मोठे आणि लहान आता वजनाला सारखेच झाले होते.

निवास स्वच्छ होता. चादरी कडक, फरशीला फिनेलचा वास, कॉट भिंतीपासून हातभर लांब. शेजारच्या कॉटवर एक निवृत्त पोस्टमन होते. ते दिवसभर दाराकडे बघत बसायचे. झोपेला खरोखरच भरपूर वाव होता. आजोबांना मात्र झोप येईना. अंगाला कोणी शिवत नव्हतं. घरी असताना निदान आपण कधी झोपतो याची वाट बघणारं कोणीतरी होतं.

नात एका रविवारी आली. पुढच्या रविवारी परीक्षा होती, त्याच्या पुढच्या रविवारी मैत्रिणीचं काहीतरी, आणि मग रविवार असाच येऊन जायला लागला.

मग एक दिवस मुलाचा फोन आला.

"बाबा, कसे आहात? तुमच्याशिवाय घर अगदी खायला उठतं."

आजोबांनी विचारलं, "कोणाला?"

"पोरीला," मुलगा म्हणाला आणि त्याचा आवाज खाली आला. "तोंड सुजलंय तिचं. एक डोळा मिटलाय पूर्ण. काल नोकरीची मुलाखत होती, जाता आलं नाही. पहिलीच मुलाखत हो. फवारणीवाला येऊन गेला. त्याला विजेच्या बोर्डात सापडले. म्हणतो कसा, कोणीतरी आणून ठेवल्यासारखे आहेत! मूर्ख माणूस. कोण आणून ठेवेल?"

आजोबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मग आता?" त्यांनी विचारलं.

"आता पहिली फवारणी झाली. पण त्याचं म्हणणं तेच. खोलीत झोपायला माणूस पाहिजे. पोरीला तर शक्यच नाही. मला ऑडिट आहे. हिचं तुम्हाला माहीतच आहे. तेव्हा म्हटलं, बाबा थोडे दिवस घरी आले तर... तुम्हालाही बदल."

"येतो," आजोबा म्हणाले. त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांची त्यांनाच लाज वाटली.

*

सुनेने उशीला नवा अभ्रा घातला होता. स्वागत म्हणून असेल, किंवा पांढऱ्यावर नीट दिसतात म्हणून. सकाळी हात पाहणं पुन्हा सुरू झालं. हात कोरे होते. सून खूश होती. आजोबा बॅगेतून कपडे काढायला लागले तेव्हा ती म्हणाली, "राहू द्या हो बॅगेतच. उगाच पुन्हा भरत बसायला नको."

नातीची खोली आता पुन्हा हॉल होती. तिने आजोबांशी बोलणं टाकलं नव्हतं, पण समोर बसणं टाकलं होतं. डोळा उघडला होता, गालावरचे डाग काळे पडले होते.

दुसऱ्या फवारणीच्या आदल्या दुपारी ती स्वेटर घ्यायला खोलीत आली. घरात दुसरं कोणी नव्हतं. आजोबा पलंगावर बसले होते. मांडीवर खोकल्याच्या गोळ्यांचा नवा डबा होता, आणि चिमट्यात काहीतरी होतं. लपवायला वेळ मिळाला नाही.

तिने डब्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या बोर्डाकडे.

"तुम्हीच ठेवले होते ना तिथे?"

"हो."

"माझी मुलाखत गेली, आजोबा."

"माहीत आहे. मला वाटलं होतं, मीच असेन या खोलीत. मलाच चावतील. मला काही होत नाही."

"पण मी होते."

"हो," आजोबा म्हणाले.  चिमट्यातला ढेकूण पाय हलवत होता.

नात कपाटापाशी उभी राहिली. स्वेटर हातात आला तरी गेली नाही.

"उद्या फवारणी झाली की तुम्हाला परत पाठवणार आहेत. आई फोनवर त्या बाईंना सांगत होती, कॉट कोणाला देऊ नका म्हणून."

"अंदाज होता."

"तिथे कसं आहे?"

"स्वच्छ आहे."

तिने गालावरचा डाग खाजवला. मग लक्षात आल्यासारखा हात खाली घेतला.

"मला नोकरी लागली की मी जाणारच आहे इथून. तोवर मला ही खोली पाहिजे. मी काही देव नाही." तिने डब्यातल्या कागदाच्या घडीकडे बोट दाखवलं. "मी जाईपर्यंत जगतील हे? नंतर इथे पुन्हा झोपायला माणूस लागेल."

"एक जेवण मिळालं की जगतात. थंड जागा लागते."

"गरम खोलीतून कसे नेणार?"

"नेणार नाही. इथेच कुठेतरी ठेवावे लागतील." त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

बाहेर जिन्यात कोणाच्या तरी किल्ल्या वाजल्या आणि पावलं वरच्या मजल्यावर निघून गेली. दोघंही ती ऐकत राहिली.

"कॉलेजच्या माझ्या लॉकरमध्ये गारवा असतो," नात म्हणाली. "पण एक जरी माझ्या अंगावर आला ना, आजोबा, तर सगळे जाळून टाकीन. आणि आई-बाबांना सांगेन."

"येणार नाही."

"झाकण घट्ट लावा."

तिने स्वेटर झटकून झटकून, उलटा करून, शिवणी तपासून घेतला आणि ती दार लावून गेली.

डाव्या हाताची पाळी सकाळीच झाली होती. आजोबांनी उजवी बाही वर केली, डब्यावर कापड ताणून बांधलं आणि डबा हातावर उपडा ठेवला. उद्यापासून मंडळींना मोठा उपास होता.

"जेवून घ्या रे," ते म्हणाले. "सावकाश. घाई नाही."